‘जीपीएस चुकला’ म्हणण्याआधी

महोदय,

पावसाळा लागला, घाट बंद होऊ लागले, की नकाशाने भलतीकडे नेल्याच्या तक्रारी वाढतात. काचेला चिकटवलेले स्वतंत्र यंत्र असो, स्टिरिओच्या जागी बसवलेला अँड्रॉइड पडदा असो किंवा स्टँडवर अडकवलेला मोबाइल, गाडीमालकाच्या तोंडी वाक्य एकच असते : ‘जीपीएस चुकला.’ ही यंत्रे बसवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम करणारे आम्ही काही कारागीर हे पत्र लिहीत आहोत, कारण या एका वाक्यात तीन निरनिराळे बिघाड दडलेले असतात. गाडी कुठे आहे हेच यंत्राला नीट कळले नाही, हा पहिला. जागा कळली पण आतला नकाशा जुना, हा दुसरा. जागाही बरोबर, नकाशाही बरोबर, पण पत्ता किंवा मार्गनिवडीच्या अटी चुकीच्या दिल्या, हा तिसरा. कुठला बिघाड आहे ते न पाहता नवे यंत्र घेतले तर पैसे जातात आणि दुखणे तसेच राहते.

ओळखायचे कसे? पडद्यावरचा बाण उड्या मारत असेल, शेजारच्या गल्लीत जात असेल किंवा गाडी उभी असताना गोल फिरत असेल, तर दोष उपग्रहांच्या संकेतात किंवा अँटेनात आहे. बाण सरळ, शांत चालला आहे पण शेतातून किंवा पाण्यातून चालल्यासारखा दिसतो, तर नकाशा जुना आहे. आणि बाण रस्त्यावरच आहे पण रस्ता अरुंद होत होत पाणंदीला लागला, तर मार्गनिवडीच्या अटी तपासा.

सर्वात जास्त गैरसमज पहिल्या प्रकाराबद्दल आहेत. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि खाली पोचेपर्यंत त्यांचा संकेत अतिशय क्षीण झालेला असतो. जागा ठरवण्यासाठी यंत्राला किमान चार उपग्रहांचे संकेत एकाच वेळी लागतात. प्रत्येक उपग्रह आपली कक्षा कोणती याची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा पुन्हा सांगत असतो. मध्येच झाड, इमारत किंवा पूल आडवा आला आणि ती माहिती तुटली, तर यंत्राला पुढच्या फेरीची वाट पाहावी लागते. म्हणून तळघरातल्या पार्किंगमधून निघून लगेच दाट वस्तीतल्या गल्ल्यांत शिरलात, तर स्वतंत्र यंत्र पाच-सात मिनिटे चाचपडत राहते. तेच यंत्र मोकळ्या आकाशाखाली गाडी उभी ठेवून सुरू केले, तर साधारणतः मिनिटभरात जागेवर येते. बरेच दिवस बंद ठेवलेल्या किंवा शेकडो किलोमीटर दुसरीकडे नेलेल्या यंत्राला पहिल्या वेळी पंधरा मिनिटे द्यावीत, कारण सगळ्या उपग्रहांची एकत्र यादी पूर्ण मिळायलाच साडेबारा मिनिटे लागतात. मोबाइल हे काम पटकन करतो, कारण ही माहिती तो इंटरनेटवरून उचलतो. स्वतंत्र यंत्र मंद आहे म्हणून ते बिघडले, असा अर्थ होत नाही.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. मोबाइलला रेंज नसली तरी त्याचा जीपीएस बंद पडत नाही. घाटात बाण चालत राहतो, फक्त त्याखालचा नकाशा कोरा होतो, कारण नकाशा इंटरनेटवरून येत होता. निघण्यापूर्वी घरच्या वायफायवर त्या भागाचा नकाशा उतरवून घेतला तर ही अडचण राहत नाही. उतरवलेले नकाशे ठराविक काळाने बाद होतात, म्हणून लांबच्या प्रवासाआधी ते ताजे करावेत. त्यात वाहतूककोंडीची ताजी माहिती मात्र मिळत नाही, हे गृहीत धरून निघावे.

आता अँटेनाबद्दल सविस्तर लिहितो, कारण आमच्या मते अँड्रॉइड पडद्यांच्या निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच संपतील. पडद्यासोबत काडेपेटीपेक्षा लहान, चौकोनी काळी डबी आणि साधारण तीन मीटर वायर येते. घाईत काम उरकणारा कारागीर ही डबी वायरसकट गुंडाळून स्टिरिओच्या मागे कोंबतो. तिथे चहूबाजूंनी पत्रा असतो आणि संकेत पत्र्यातून जात नाही. डबीच्या आत चिनीमातीचा चपटा तुकडा असतो, त्याची वरची बाजू आकाशाकडे असायला हवी. चुंबकाची किंवा चिकटपट्टीची बाजू नेहमी खाली. योग्य जागा म्हणजे डॅशबोर्डच्या वर, पुढच्या काचेच्या अगदी तळाशी. वरून दिसू नये असे वाटत असेल तर डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकखाली बसवली तरी चालते, कारण प्लॅस्टिकमधून संकेत आरपार जातो. मात्र त्या जागी वर पत्र्याची पट्टी किंवा एसीच्या नळीवरचे चंदेरी आवरण नाही ना, हे हाताने चाचपून पाहावे. उरलेली वायर मोठ्या सैल वेटोळ्यात बांधावी, काटकोनात मुडपू नये आणि कधीही कापून जोडू नये. या वायरमधूनच अँटेनाला तीन ते पाच व्होल्ट वीज जाते. मधली तार बाहेरच्या जाळीला टेकली की अँटेना आंधळी होते. पडद्यामागचा पितळी नट हाताने घट्ट बसला पाहिजे. अर्धा आटा सैल राहिला की खड्ड्यांच्या रस्त्यावर संकेत येतो-जातो, आणि मालकाला वाटते की पडदाच खराब निघाला.

तपासणी सोपी आहे. पडद्यावर किंवा मोबाइलवर उपग्रह दाखवणारे कुठलेही मोफत ॲप टाका आणि गाडी मोकळ्या मैदानात उभी करा. ‘दिसणारे’ आणि ‘वापरात असलेले’ असे दोन आकडे येतात. दिसणारे वीस आणि वापरात तीन, असे असेल तर बसवण्यात दोष आहे. प्रत्येक उपग्रहापुढे संकेताची ताकद असते. बरेचसे आकडे ३५ ते ४५ च्या दरम्यान असतील तर अँटेना निरोगी, सगळेच २५ च्या खाली असतील तर जागा बदला. ही चाचणी दुकानातून गाडी बाहेर काढण्याआधी, कारागिराच्या समोर करून घ्यावी. पाच मिनिटे लागतात आणि प्रामाणिक कारागीर त्याला नाही म्हणत नाही.

अँटेना नीट असूनही आकडे खाली असतील तर दोन गोष्टी पाहाव्यात. एक, काच. उष्णता परतवणाऱ्या काही काचांमध्ये आणि काही सनफिल्ममध्ये धातूचा अतिसूक्ष्म थर असतो. अशा काचेवर आरशाच्या मागे ठिपक्यांचा एक पट्टा मोकळा सोडलेला असतो. फास्टॅगही तिथेच लावायचा असतो. स्वतंत्र यंत्र किंवा अँटेना त्या पट्ट्याच्या जवळ आणा, पण फास्टॅगवर ठेवू नका. दोन, शेजारचा खोडकर. स्वस्त डॅशकॅम (रस्त्याचे चित्रण करणारा गाडीतला कॅमेरा) आणि बिनकंपनीचे यूएसबी चार्जर इतका विद्युत गोंगाट करतात की उपग्रहाचा क्षीण संकेत त्यात बुडतो. चार्जर काढून, मग डॅशकॅम बंद करून, एकेकदा आकडे पाहा. ज्याच्या बंद करण्याने आकडे वर चढतात तो दोषी. डॅशकॅम अँटेनापासून हातभर लांब नेला तरी बऱ्याचदा भागते.

पडदा बसवतानाची आणखी एक चूक वायरिंगची. नेहमीच्या जोडणीत पिवळी वायर कायमच्या बारा व्होल्टची, लाल वायर किल्ली फिरवल्यावर येणाऱ्या विजेची आणि काळी अर्थिंगची असते. पिवळी-लाल उलट जोडल्या तर किल्ली काढताच पडद्याची स्मृती जाते. घड्याळ चुकते आणि दर सकाळी उपग्रह पहिल्यापासून शोधावे लागतात. दोन्ही कायमच्या विजेवर जोडल्या तर पडदा रात्रभर जागा राहतो आणि चार दिवस उभी राहिलेली गाडी सुरूच होत नाही. मूळ वायरी कापू देऊ नका, गाडीच्या मॉडेलचा कपलर, म्हणजे वायरी न कापता जोडणारा तयार प्लग, मागा. फ्यूज उडत असेल तर त्याहून मोठा फ्यूज घालणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे. बोगद्यात बाण थांबतो अशी तक्रारही याच वायरिंगशी जोडलेली आहे. कंपनीतून बसून आलेली नॅव्हिगेशन यंत्रणा चाकांच्या वेगावरून आणि वळण ओळखणाऱ्या सेन्सरवरून मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या भातण, कामशेतच्या बोगद्यातही अंदाजाने पुढे सरकते. बाहेरून बसवलेल्या काही पडद्यांना वेगाची वायर जोडायची सोय असते आणि ती बहुधा मोकळीच सोडलेली असते. तुमच्या पडद्याला ती आहे का, हे माहितीपत्रकात पाहून जोडून घ्या.

उड्डाणपूल आणि त्याखालचा सेवारस्ता यांतला घोटाळा मात्र कुठल्याही दुरुस्तीने पूर्ण जात नाही. मोकळ्या आकाशाखालीही जागेत तीन ते पाच मीटरची चूक राहते, उंचीच्या बाबतीत त्याहून जास्त. महामार्गाची एक लेन साडेतीन मीटर रुंद असते. म्हणजे तुम्ही कुठल्या लेनमध्ये आहात हे यंत्राला खात्रीने सांगता येत नाही. ते तुम्हाला जवळच्या रस्त्याला चिकटवून दाखवते. पुलावर चढायचे की खालून जायचे, हे तिथल्या पाटीवरून ठरवावे. नंतर यंत्र चुकीच्या रस्त्यावर दाखवत असेल तर पुढच्या फाट्यापर्यंत त्याचे ऐकू नये. वेगाच्या आकड्याबद्दलही विचारले जाते. गाडीचा काटा ८० दाखवतो आणि यंत्र ७६. सरळ रस्त्यावर, एकसारख्या वेगात यंत्राचा आकडा खऱ्याच्या जवळचा असतो. गाडीचा काटा मुद्दाम थोडा पुढे ठेवलेला असतो.

दुसरा बिघाड नकाशाचा. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा पूर्ण मार्ग ५ जून २०२५ रोजी. अटल सेतू जानेवारी २०२४ पासून सुरू आहे. त्याआधीचा नकाशा असलेल्या यंत्रावर समृद्धीवरची गाडी शिवारातून आणि सेतूवरची खाडीतून धावताना दिसते आणि यंत्र सतत ‘मागे वळा’ म्हणत राहते. नावांचेही तसेच आहे. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावे २०२३ मध्ये, अहिल्यानगर २०२४ मध्ये अधिकृत झाली. जुन्या यंत्रात ती सापडत नाहीत, म्हणून मालक जुने नाव टाकतात. औरंगाबाद टाकल्यावर यादीत बिहारमधले औरंगाबादही येते, तेव्हा निवडण्याआधी राज्य आणि अंतर वाचावे.

स्वतंत्र यंत्राचा नकाशा संगणकाला जोडून नवा करायचा असतो. यंत्र पूर्ण चार्ज असावे, संगणकाच्या मागच्या यूएसबी खोबणीत थेट लावावे आणि लॅपटॉप झोपी जाण्याची सोय तेवढ्यापुरती बंद करावी. काम अर्धवट तुटले तर यंत्र सुरू होताना कंपनीच्या चिन्हावरच अडकते. मेमरी कार्ड वापरत असाल तर ते फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले हवे. या पद्धतीत चार जीबीपेक्षा मोठी एकच फाइल बसत नाही, हे नकाशा न उतरण्याचे नेहमीचे कारण. जुने यंत्र विकत घेताना त्याचा नकाशा परवाना त्याच यंत्राच्या क्रमांकाला बांधलेला असतो, हे विसरू नये. परवाना संपलेल्या गार्मिन कंपनीच्या यंत्रातही ओपनस्ट्रीटमॅपचा (लोकांनी मिळून बनवलेला) मोफत नकाशा कार्डवरच्या ‘गार्मिन’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकून चालवता येतो. आणि एक विशेष गोष्ट : जीपीएसमध्ये आठवडे १०२४ पर्यंतच मोजले जातात, मग मोजणी पुन्हा शून्यावर येते. ६ एप्रिल २०१९ च्या रात्री ती शून्यावर आली. एखादे जुने यंत्र एकोणीस-वीस वर्षांपूर्वीची तारीख दाखवत असेल तर त्याचे कारण हेच. कंपनीने नवे सॉफ्टवेअर दिले असेल तर ते टाकावे. नाही तर जागा बरोबर आणि तारीख चूक, असे ते चालत राहील.

नकाशा ताजा असला तरी पाणी, दरड आणि अर्धवट पूल त्यात असतीलच असे नाही, आणि जीव जातात ते इथे. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात रात्री नकाशाच्या आधाराने निघालेली गाडी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर शिरली आणि एकाचा मृत्यू झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या तुटलेल्या पुलावरून गाडी कोसळून तिघे गेले. दोन्हीकडे उपग्रहांनी जागा बरोबरच सांगितली होती. रस्ता वापरात नाही, ही माहिती नकाशापर्यंत पोचली नव्हती. आपल्याकडे फरशी पूल, कोकणातले साकव आणि धरणाच्या फुगवट्यात वर्षातले काही महिने बुडणारे रस्ते भरपूर आहेत. रात्री अनोळखी भागात यंत्राने मुख्य रस्ता सोडायला सांगितले, तर आधी नकाशा मोठा करून पुढे नदी-ओढ्याची निळी रेघ आडवी जाते का ते पाहावे, आणि गावात दिवा दिसला तर विचारावे.

तिसऱ्या प्रकारात यंत्राचा दोष जवळजवळ नसतोच. पुणे जिल्ह्यातच वडगाव मावळ, वडगाव शेरी आणि वडगाव बुद्रुक आहेत. रोमन लिपीत कुणी ते व्ही लावून लिहितो, कुणी डब्ल्यू लावून. यादीतले पहिले नाव दाबून निघाले की भलतीकडे पोचणे ठरलेले. त्यापेक्षा यजमानाकडून ठिकाणाचे अक्षांश-रेखांश मागवावेत. पण तिथेही एक खाच आहे. नागपूरचे अक्षांश-रेखांश अंशांच्या दशांशात २१.१४५८ आणि ७९.०८८२ असे लिहितात. यंत्र अंश-मिनिटांच्या पद्धतीवर ठेवलेले असताना हेच आकडे २१ अंश १४.५८ मिनिटे आणि ७९ अंश ८.८२ मिनिटे असे भरले, तर यंत्र कुरकुर न करता ते घेते आणि तुम्हाला मूळ जागेपासून सुमारे १२ किलोमीटर ईशान्येला नेते. आकडे भरण्याआधी सेटिंगमध्ये ‘दशांश अंश’ निवडलेले आहे याची खात्री करा.

मार्गाच्या सेटिंगमध्ये ‘सर्वात कमी अंतर’ कधीही ठेवू नये. दोन किलोमीटर वाचवण्यासाठी यंत्र बैलगाडीच्या वाटेवर घालते, कारण तुम्ही त्याला तसेच सांगितलेले असते. ‘कमी वेळ’ निवडा आणि ‘कच्चे रस्ते टाळा’ ही खूण लावा. ‘टोल टाळा’ची खूण पूर्वी लावून विसरली असेल तर द्रुतगती मार्ग सोडून जुन्या घाटाने नेल्याची तक्रार करण्यात अर्थ नाही. निघण्यापूर्वी संपूर्ण मार्ग पडद्यावर एकदा पाहून, वाटेतल्या तीन-चार मोठ्या गावांची नावे कागदावर लिहून ठेवावीत. ती गावे क्रमाने येत नसतील तर गाडी बाजूला घेऊन तपासावे.

यंत्र लावण्याची जागा उजव्या बाजूच्या चालकासाठी काचेचा खालचा उजवा कोपरा किंवा डॅशबोर्डच्या मध्यावर खालची बाजू. समोरचा रस्ता झाकला जाऊ नये आणि एअरबॅगच्या झाकणावर काहीही चिकटवू नये. स्टँडचा चोषक (काचेला चिकटणारी रबरी वाटी) पडत असेल तर काच स्पिरिटने पुसा, चोषक कोमट पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा आणि काच गार असताना नव्हे, थोडी उबदार असताना दाबा. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात यंत्र काचेवर ठेवून जाऊ नये. बहुतेक यंत्रे ४५ अंशांच्या वर बॅटरी चार्ज करत नाहीत, आणि बंद गाडीत तापमान त्याच्या बरेच वर जाते. पाठ फुगलेली दिसली तर ते यंत्र वापरणे तत्काळ थांबवा. मोबाइलला पडदा सुरू ठेवून किमान दोन अँपिअरचा चार्जर लागतो. स्टिरिओच्या यूएसबीतून अर्धा अँपिअर मिळतो, म्हणून चार्जिंगचे चिन्ह दिसत असूनही बॅटरी उतरते. जुन्या गार्मिनला साधी यूएसबी वायर लावली तर ते ‘संगणकाला जोडले आहे’ असे समजून नकाशाच बंद करते. त्यासोबत आलेली गाडीची वायरच वापरावी. १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमानुसार चालवताना हातातले उपकरण केवळ मार्ग पाहण्यासाठी आणि लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरता येते. पत्ता टाकणे हे काम गाडी उभी असतानाचे आहे.

शेवटी शासनाकडे एक मागणी. वरंधसारखा घाट पावसाळ्यात बंद करण्याचा आदेश जिल्हाधिकारी काढतात. तो छापील पत्रकात राहतो आणि नकाशा चालवणाऱ्यांना उशिरा कळतो. अशा प्रत्येक आदेशात बंद भागाच्या सुरुवातीचे आणि शेवटचे अक्षांश-रेखांश दशांश अंशांत द्यावेत, बंदीच्या तारखा आणि वेळ द्यावी, आणि ते आदेशाच्या दिवशीच संगणकाला वाचता येईल अशा तक्त्यात संकेतस्थळावर टाकावेत. फरशी पुलांच्या बाबतीत सार्वजनिक बांधकाम विभागाने आणि जलसंपदा विभागाने पाण्याखाली जाणाऱ्या रस्त्यांची यादी याच पद्धतीने जूनच्या आधी प्रसिद्ध करावी. आणि बंद रस्त्याच्या तोंडाशी फक्त फलक न लावता रात्री चमकणारा अडथळा उभा करावा, तोही पाण्याच्या कडेला नव्हे, जिथून मोठी गाडी परत वळू शकेल अशा शेवटच्या फाट्यावर.

आपले,
गाड्यांना नॅव्हिगेशन यंत्रे बसवणारे व दुरुस्त करणारे काही कारागीर, पुणे